काकूंची गाडी आणि दोन ठसे

चोरीची गाडी मी शंभर पावलांवरून ओळखतो, असं आमच्या ठाण्यात बोललं जायचं. म्हणजे मीच बोलायचो. माझी स्वतःची मोटरसायकल ठाण्याच्या आवारातून गेली, तेव्हा मी तिच्यापासून दहा पावलांवर बसून चहा पीत होतो.

नोकरी तेहतीस वर्षं. नववी नापास, शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून सुटलो. बारा वर्षं वाहनचोरी पथकात काढली. त्या सगळ्या गाड्या आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्यात. एकच तपास अजून जसाच्या तसा डोळ्यापुढं उभा राहतो, आणि तो नोकरीतला नाहीच. निवृत्त झाल्यावर लेकीकडं अमेरिकेत राहायला गेलो, मॉरिसव्हिलला, तिथला. अंगात वर्दी नाही, हद्द माझी नाही, फिर्याद कुणाची नाही. तरी मी तपासाला लागलो. नावं कुणाची घेत नाही, खात्याची सवय.

खबर मिळाली ती पोह्याच्या बशीवर. जावई आयटीत आहे, शांत माणूस. त्या दिवशी मात्र उड्या मारत होता.

"बाबा, मसल कार मिळतेय!"

मला वाटलं व्यायामाचं काहीतरी असेल. मग त्यानं फोनवर फोटो दाखवला. जुन्या जमान्यातली लांबलचक गाडी, दोन दारांची, लालभडक. पुढं आठ सिलिंडरचं इंजिन, मागं माणूस कसाबसा मावेल एवढी जागा. पेट्रोल पिते, आवाज मोठा, ब्रेक बेताचे. म्हणलं, हे तर माझंच वर्णन झालं.

"ही इन्व्हेस्टमेंट आहे बाबा. ओरिजनल इंजिनवाली आता मिळत नाही. घ्यायची, कव्हर टाकायचं, स्टोरेजमध्ये लॉक करायची. दहा वर्षांनी डबल."

"आणि चालवायची कधी?" लेकीनं विचारलं. ती औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये असते, प्रश्न नेमका विचारते.

"चालवली की व्हॅल्यू जाते ना यार."

मी विचारलं, "विकतंय कोण?"

"त्या काकू. विहारात दर रविवारी येतात त्या. मार्केटपेक्षा स्वस्तात देतायत. फक्त म्हणाल्या, या आठवड्यात काय ते सांग."

स्वस्त आणि घाई. हे दोन शब्द जोडीनं आले की माझा हात बशीतच थांबतो. काकूंना मी विहारात पाहिलं होतं. सत्तरी पार, काडीसारख्या बारीक, जाड भिंगाचा चष्मा, पायरी उतरताना कुणाचा तरी हात धरणार. असल्या बाईकडं असली गाडी? मी मनात दोन शक्यता धरल्या. एक, नवऱ्याची असेल आणि कागदांत घोळ असेल. दोन, म्हातारीच्या गॅरेजमध्ये कुणीतरी चोरीचा माल आणून ठेवला असेल. गाडी तिची स्वतःची असू शकते, ही तिसरी शक्यता मला सुचलीच नाही.

शनिवारी सकाळी शेजारच्या कॅरी गावात काकूंच्या घरी गेलो. एप्रिल चालू होता, पाइनच्या झाडांचे पिवळे पराग सगळीकडं. रस्त्यावरच्या गाड्या हळदीला बसवल्यासारख्या. काकूंच्या गॅरेजमध्ये मात्र धुळीचा कण नाही. पाने, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, सगळं फळीवर ओळीनं लावलेलं. मी लगेच टिपलं. एकट्या म्हाताऱ्या बाईला एवढी हत्यारं कशाला?

जयभीम झाला. मी मागं हात बांधून गाडीला एक फेरी मारली आणि चौकशीला सुरुवात केली.

"मॅडम, गाडी कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"त्याच्या आधी?"

"एका दाताच्या डॉक्टरच्या. मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला. मी तिथं इंजिनीअरिंग शिकत होते, तेव्हा सेकंडहँड घेतली."

"मिस्टरांनी घेऊन दिली असेल."

"मिस्टर तेव्हा नागपुरात होते. त्यांना मी नंतर आणलं. गाडी आधीची."

जावई खोकला. मी सोडलं नाही.

"आणि चालवायचं कोण?"

"काऊन हो भाऊ, मला हात नाहीत काय?"

पुढं त्यांनी आपण होऊन सांगितलं. मिशिगनला बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं पत्रा सडतो, म्हणून हिवाळाभर ही गाडी झाकायची आणि त्या स्वतः बसनं फिरायच्या. नोकरी इंजिनं तपासायच्या लॅबमध्ये केली. आता डोळ्यांना मधलं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं.

"उभ्या गाडीची रबरं सुकतात, टाकीत पेट्रोल सडतं. डोळ्यांदेखत ते होऊ द्यायचं नाही. लिलावात टाकली तर पैसा येईल, पण जाऊन कुणाच्या गोदामात पडेल. म्हणून ओळखीत देते." मग जावयाला म्हणाल्या, "चालवशील ना रे?"

"हो काकू. म्हणजे... ऑकेजनली."

"डबल व्हायची वाट बघणार तू." काकू हसल्या. "आमच्या वयाचे लोक ही गाडी बघून वेडे होतात, कारण तरुणपणी त्यांना परवडली नव्हती. ते म्हातारे संपले की भाव कुणाच्या जिवावर वाढेल? उद्याची पोरं घेतील काय?"

जावयानं विषय बदलून रविवारचं सांगितलं. त्यानं एक तपासनीस ठरवला होता. जुन्या गाड्या बघून, सगळं मूळचं आहे असा कागद देणारा गोरा. त्याचा कागद मिळाला की सौदा पक्का.

एवढं बोलून काकू दोन घोट पाणी प्यायल्या. झालं! ठाण्यातली माझी पक्की खूण होती: चौकशीत माणूस पाणी प्यायला की काहीतरी दडवतोय. लेक लहान असताना घरी जेवताना हेच ऐकत मोठी झाली. पाऊण तास बोललेल्या म्हाताऱ्या बाईला तहानही लागू शकते, हे मात्र कुठल्या चौकशीत माझ्या ध्यानात आलं नाही.

काकू लेकीला आणि जावयाला कागद दाखवायला घरात घेऊन गेल्या. "भाऊ, चहा टाकते, या आत." मी म्हणलं, येतो. बॉनेट उघडंच होतं.

आता थोडं कामाचं सांगतो. इंजिनवर पुढं एक सपाट पट्टी असते. तिच्यावर गाडीच्या चासी नंबरातले शेवटचे आकडे ठोकलेले असतात. ते जुळले तर इंजिन त्याच गाडीचं. आमच्याकडं जप्तीची गाडी आली की नंबरावर कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी फिरवायची. आकडा कागदावर उठतो. त्याला ठसा म्हणतात, तो केस डायरीला जोडायचा. ठसा धूसर आला तर पॉलिश पेपर घ्यायचा, रंग-गंज घासून काढायचा आणि दुसरा ठसा घ्यायचा. बारा वर्षं मी हेच केलं. लिहिता-वाचताना अडखळणाऱ्या माणसाला खात्यात मान मिळाला तो या एका कलेवर.

खिशात पेन्सिल होती, कागद किराणा दुकानाच्या पावतीचा. पहिला ठसा घेतला. आकडे पुसट, मध्येच बारीक रेघाच रेघा, पावसात धरल्यासारखा. मला आनंद झाला. रेघा म्हणजे कुणीतरी कानस मारलेली! जुना नंबर घासून नवा ठोकलाय! काकूंच्याच फळीवरचा पॉलिश पेपर घेतला आणि पाच मिनिटं मन लावून घासलं. पट्टी ताटासारखी चमकायला लागली. दुसरा ठसा घेतला. असा सुबक, की साहेबांनी शाबासकी दिली असती.

आत जाऊन टेबलावरच्या कागदाशी गुपचूप ताडून बघितला. आकडा न् आकडा जुळला.

खरं सांगतो, मी नाराज झालो. बाई निर्दोष निघाली म्हणून चहा गोड लागला नाही, असा माणूस मी. दोन्ही ठसे खिशात टाकले आणि घरी आलो. कुणाला काही बोललो नाही. गुन्हाच नाही तर सांगायचं काय?

रविवारी तपासनीस आला. गुडघ्यावर बसून, आडवा होऊन, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तासभर बघत होता. मान डोलवत होता. मग इंजिनच्या त्या पट्टीपाशी आला आणि मान थांबली. टॉर्च एकदा डावीकडून मारला, एकदा उजवीकडून. उठून काकूंना त्यानं हळू आवाजात काहीतरी विचारलं. लेकीनं मला मराठीत सांगितलं: "तो विचारतोय, ही जागा कधी घासून घेतली?"

"कधीच नाही," काकू म्हणाल्या.

मग तो जे बोलला, ते लेक माझ्या कानात सांगत गेली. कारखान्यात ती पट्टी कटरनं सपाट करतात, तेव्हा तिच्यावर बारीक रेघा उमटतात. त्या रेघांवर नंबर ठोकतात. रेघा जागेवर असल्या तर नंबर मूळचा. रेघा गेल्या असतील तर जुना नंबर घासून कुणीतरी नवा ठोकला असणार. लबाड लोक हेच करतात. काल-परवाच घासलेलं दिसतंय. मी मूळचं म्हणून लिहून देऊ शकत नाही.

जावयाचा चेहरा पडला. "काकू," तो म्हणाला, "तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं."

"काय सांगायला पाहिजे होतं?"

"म्हणजे... इंजिन चेंज केलंय ते. मी विहारात कुणाला बोलणार नाही, पण हे बरोबर नाही केलं तुम्ही."

काकू वळल्या, पट्टीकडं बघायला गेल्या, आणि त्यांना ती दिसेना. मधलं दिसत नव्हतं ना. मान तिरकी करून कडेच्या नजरेनं शोधत राहिल्या. मग बोटानं चाचपडलं. गुळगुळीत लागलं. खाली स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं इंजिनं तपासण्यात घालवलेली बाई, चारचौघांत लबाड ठरत होती.

आणि मी? मी बुटाकडं बघत उभा होतो. ठाण्यात मी शिकाऊ पोरांना सांगायचो, खोलीत चार माणसं असतील तर बुटाकडं बघणारा बाजूला घ्या. मनात हिशोब चालू होता. पट्टी कुणी घासली ते कुणी पाहिलेलं नाही. साक्षीदार नाही. मी गप्प राहिलो तर गाडीचा सौदा मोडेल, बाकी काही नाही. जावयापुढं माझी अब्रू शाबूत.

"जरा पाणी मिळेल का?" मी म्हणलं.

लेकीनं मान फिरवून माझ्याकडं बघितलं. तशी नजर मी तेहतीस वर्षांत कुणावर टाकू शकलो नव्हतो.

"बाबा, काल आम्ही आत होतो तेव्हा तुम्ही इथं एकटे किती वेळ होता?"

"थोडा वेळ."

"काय करत होता?"

"बघत होतो."

"कशानं? खिशात काय आहे?"

"पेन्सिल."

"अजून?"

मी फुटलो. आरोपी म्हणून सांगतो, तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. दोन्ही ठसे काढून बॉनेटवर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. पॉलिश पेपर, पाच मिनिटं, संशय, सगळं. जावई डोकं धरून उभा. "बाबा, यू सँडेड इट? काकूंच्या गाडीला सँडपेपर?"

काकू स्टुलावरून उठल्या. पहिला, धूसर ठसा उचलून डोळ्याच्या कडेला नेला आणि तपासनीसाच्या हातात दिला. त्यानं भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. त्या रेघा, ज्यांना मी कानस समजलो होतो, त्याच कटरच्या होत्या. सरळ, सारख्या अंतरावर, आकड्यांच्या खालून गेलेल्या. माझ्या अडाणी पेन्सिलीनं त्या उचलल्या होत्या आणि मग मीच त्या पुसल्या.

त्यानं लिहून दिलं की ही जागा विकत घेणाऱ्यांच्या माणसानं घासली, त्याआधीचा ठसा मी पाहिला, मालकिणीकडून काही लबाडी दिसत नाही. काकूंची अब्रू वाचली. पण कागद म्हणजे लोखंड नव्हे, असंही तो म्हणाला. मूळचं म्हणून जो भाव मिळाला असता, तो आता कधीच मिळणार नाही.

जावयानं काकूंची माफी मागितली, वाकून. मग दोन दिवस लॅपटॉप उघडून आकडेमोड केली आणि तिसऱ्या दिवशी बंद केला. इन्व्हेस्टमेंट म्हणून गाडीत आता दम नव्हता. मी भरपाई देतो म्हणलं. माझ्या पेन्शनमध्ये तिच्या चार चाकांची हवा आली असती. शेवटी लेक उठली. "मी घेते. माझ्या पगारातून. आणि मी चालवणार." काकूंनी भाव कमी केला, लेकीनं कमी घ्यायला नकार दिला, दोघी फोनवर अर्धा तास भांडल्या आणि मधे कुठंतरी थांबल्या. काकूंची अट एकच: रविवारी विहारात जाताना मला घ्यायला याच गाडीनं यायचं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. संशय घेणं आमचं कामच होतं, त्याबद्दल मी रडत नाही. पण संशय आला की माझा हात आधी चालायचा, आणि हातानं जे पुसलं जातं ते परत येत नाही, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. पहिला ठसा धूसर आला तर तो तसाच ठेवून जरा बघावं, एवढंच.

पहिल्या रविवारी निघालो. लेक गाडी चालवत होती, काकू शेजारी, जावई रस्त्याकडेला उभा राहून फोनवर व्हिडिओ काढत. मी मागं, गुडघे हनुवटीला. गाडी सुरू झाली तसा आवाज छातीत घुमला, शेजारच्या लॉनवरचा माणूस पाण्याचा पाइप खाली टाकून टाळ्या वाजवायला लागला. काकूंनी काच खाली केली, हात बाहेर काढला. त्यांना पुढचा रस्ता दिसत नव्हता, पण गियर कधी बदलायचा ते आवाजावरून लेकीला सांगत होत्या. "आता. हां. आता."

मला वाटलं, वातावरण बरं आहे, माफी मागून घ्यावी.

"ताई," मी मागून म्हणलं, "खरं सांगतो, तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून अशी चूक एकदाही झाली नाही."

काकूंनी मागं वळूनही बघितलं नाही.

"झाली असेल हो भाऊ. तिथं तुमचा खिसा तपासायला कोण होतं?"