दाजींची पलटण

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यात एकदाच सैन्याच्या दारापर्यंत गेले होते. सपाट तळपायांमुळे तिथूनच परत फिरले आणि पुढे कवळ्या बनवू लागले. त्यात वाईट काही नाही. हात चांगला होता त्यांचा. पण आत राहून गेलेलं ते सैन्य पन्नाशी उलटल्यावर उसळून वर आलं, आणि त्याचा ताप सगळ्या गावाला झाला.

सुरुवात एका मोटरसायकलने झाली. युद्धाच्या काळातली, लष्करी हिरवी, शेजारी माणूस बसायचा डबा जोडलेली. भंगारातून उचलली तेव्हा तिच्यावर लढाईची एकही खूण नव्हती, कारण ती सगळा काळ कुठल्याशा कोठाराच्या आवारात टपाल पोचवत होती. दाजींना हे सोसवेना. त्यांनी कवळ्या कोरायचं यंत्र घेतलं आणि गाडीच्या हत्यारांच्या पेटीला भोकं पाडली. पाहुणे आले की भोकांवरून बोट फिरवायचे, "गोळ्या" एवढंच म्हणायचे, आणि दूर क्षितिजाकडे बघायचे.

अशा गाड्या बाळगणारे आणखी काही महाभाग त्यांना सापडले. त्यात एक वकील, एक औषधांचा दुकानदार. बंदूक कुणीही हातात धरलेली नाही. या मंडळींनी ठरवलं की गावातल्या युद्धस्मारकापाशी दरवर्षी जो स्मरणदिन होतो, त्या दिवशी जुन्या लष्करी मोटरसायकलींचा मेळावा भरवायचा. बैठका दाजींच्या कामाच्या खोलीत व्हायच्या. फळीवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मांडलेले, आणि त्यांच्यासमोर ही पलटण चहा ढोसत बसलेली.

"पुढे मी," दाजी म्हणायचे.

"मग मी कोण?" वकील विचारायचे.

"तुम्ही डावी बगल."

"डावीच का?"

यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसरी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली असावा की हनुवटीवर, यात गेली. मी न राहवून विचारलं, "दाजी, दगडावर कोरलेली नावं कधी वाचायची?"

"वेळ उरला तर बघू," दाजी म्हणाले. "लोक गाड्या बघायला येणार आहेत."

आता डब्यात बसवायला खरा सैनिक हवा होता. तो गावात एकच उरला होता. त्यांना सगळे फौजीकाका म्हणत. स्मारकावरच्या निम्म्या लोकांबरोबर ते लढले होते. ते दाजींचे गिऱ्हाईकही होते. त्यांच्या जबड्याचा साचा कधीचा फळीवर धूळ खात पडला होता आणि काका बोळक्या तोंडाने खेपा घालत होते. दर वेळी दाजींचे हात ऑइलने माखलेले.

"काका, एवढा मेळावा होऊ द्या. मग तुमचंच काम."

"मला त्या दिवशी नावं म्हणायचीत," काका म्हणाले. दात नसल्याने निम्मे शब्द हवेतच विरले.

ते गेल्यावर ताई म्हणाली, "दात न देता बोलतील कसे ते?"

"बोलायला कुणी सांगितलंय? नुसता हात हलवायचा. लोकांना तेच आवडतं."

 दुसऱ्या दिवशी ताईने काकांचा साचा फळीवरून काढला, पुसला आणि कामाला बसली. मेणात दात बसवायचं काम लग्नापासून तीच करत आली होती; पाटीवर नाव तेवढं दाजींचं होतं. स्मरणदिनाच्या आदल्या सकाळी फौजीकाका नवी कवळी घालून आरशासमोर स्वतःचंच तोंड चारी बाजूंनी बघत बसले होते.

स्मरणदिन उजाडला. पलटणीने नाटक कंपनीकडून जाड लोकरी कोट भाड्याने आणले होते. ऊन मी म्हणत होतं. वकिलांच्या पोटावरचं बटण लागत नव्हतं, म्हणून त्यांनी ऐटीत ठेवल्यासारखा तिथे हात धरला होता. चौकात शिरल्यावर गाड्या एका रांगेत उभ्या राहिल्या आणि दाजींनी हुकूम सोडला, "इंजिन कुणीही बंद करायचं नाही! ही गर्जना म्हणजेच सलामी आहे!" खरं कारण मला माहीत होतं. एकदा बंद पडली की त्यातली निम्मी धुडं पुन्हा सुरू व्हायची नाहीत.

फौजीकाका ताईचा हात धरून डब्यातून उतरले, दगडासमोर गेले आणि त्यांनी तोंड उघडलं. काही म्हणजे काही ऐकू येईना. पुढच्या रांगेत मेलेल्यांच्या घरची माणसं उभी होती. एक म्हातारी बाई कानामागे हात धरून पुढे वाकली होती. धुराने तिला खोकला यायला लागला.

ताई सरळ दाजींसमोर आली. "बंद करा ते."

"हुकूम माझा चालतो इथे."

 खाली वाकून ताईने त्यांच्या गाडीचा पेट्रोलचा कॉक फिरवला. गाडी थोडा वेळ फुरफुरली, खोकली आणि थंड झाली. औषधवाल्याने मान खाली घालून स्वतःची बंद केली. मग एकेक करत सगळ्यांनी. वकिलांनी शेवटी.

काका नावं म्हणू लागले. कवळी नवीन, त्यामुळे 'स' आला की शीळ वाजायची. कुणी हसलं नाही. एका नावापाशी ते थांबले. "हा माझ्या शेजारी झोपायचा. झोपेत दात खायचा. मी लाथ मारायचो याला."

"लहानपणापासून खायचा," ती कानामागे हात धरलेली म्हातारी मोठ्याने म्हणाली. "मीही मारायचे."

तो तिचा धाकटा भाऊ होता. काका तिच्याकडे बघत राहिले, तिने मान डोलावली, आणि मग ते पुढच्या नावाकडे वळले.

समारंभ संपल्यावर किका सुरू झाल्या. दोन-तीन गाड्या पेटल्या, बाकीच्या ढिम्म. सलामी द्यायला आलेली पलटण घामाने निथळत, कोट सांभाळत, गाड्या ढकलत चढ चढू लागली. दाजींची सगळ्यात जड, डब्यासकट. "तुझ्यामुळे संचलन मोडलं!" ते ताईवर ओरडले. ताई काकांबरोबर केव्हाच पुढे निघून गेली होती.

पलटण महिनाभरात फुटली. वकिलांनी वेगळी मंडळी जमवली. तिथे पुढे तेच असतात. दाजींच्या मंडळात आता दाजी एकटे आहेत, आणि अध्यक्षही तेच. परवा मी गेलो तेव्हा ते पाहुण्यांना सांगत होते, "त्या दिवशी मी इंजिनं बंद करायचा हुकूम दिला. काय शांतता पसरली म्हणून सांगू!"

आत ताई मेण वितळवत होती. मी विचारलं, "हे ऐकून घेतेस तू?"

"बोलू दे," ती म्हणाली. "पाहुणे गेले की भांडी त्यांनाच घासायचीत."