डिजिटल वहीचं पहिलं पान

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी डिस्पॅचला आहे, तिथं नवीन माणूस पहिला महिना सगळ्यांना विचारत हिंडायचा आणि दुसऱ्या महिन्यात त्याच्या लक्षात यायचं की आमची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून साहेबांनी मला सगळ्यांची मिळून एक डिजिटल वही करायला सांगितली. कुणीही कॉम्प्युटरवर उघडावी, हवं ते पान काढावं आणि कामाला लागावं. काम मला मनापासून आवडलं. नव्या माणसाला जसे प्रश्न पडतात, त्याच क्रमानं मी पानं लावली.

मग वही विभागप्रमुखांना दाखवली आणि तिथंच घोळ झाला. आपल्याकडं लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून भावकीत बोलणं बंद होतं. इथं तर सगळेच वडीलधारे. पानांचा क्रम ज्येष्ठतेनुसार लागला. सुरुवातीला साहेबांचं मनोगत आलं, शेजारी फेट्यातला फोटो, त्यामागं बाकीच्यांच्या शुभेच्छा. परत आलेल्या मालाचं काय करायचं, ते पान मात्र कुणालाच आपल्या विभागात नको होतं. गुणवत्तावाले म्हणाले, आमच्यात ठेवलं तर चूक आमची दिसेल. स्टोअरवाल्यांचंही तेच. साहेबांनी तर हातच झटकले. शेवटी ते पान ‘इतर’मध्ये गेलं, गणपतीच्या फोटोंखाली.

अशात कन्नड तालुक्यातली एक मुलगी आमच्या विभागात लागली, प्रोबेशनवर. परमनंट झाले नाही तर गावी येईन आणि तुम्ही दाखवाल त्या स्थळाला हो म्हणेन, असा शब्द ती घरी देऊन आली होती. स्थळ दाखवणारे तयारच बसले होते.

ती विचारायची. मुद्द्याचं आणि नीट विचारायची. साहेबांचं मत पडलं, “सगळं वहीत आहे, तरी ही विचारत बसते. वाचायची सवयच नाही.” नव्यांना वाट सापडावी म्हणून केलेली वही आता नव्यांचं तोंड बंद करायच्या कामी आली होती. माझा संताप झाला. तसं बोलून दाखवलं, तर साहेब म्हणाले, “मॅडम, वही तुमचीच ना?”

तिला परमनंट करायचं का, ते ठरायचं त्या मीटिंगला मीही होते. साहेबांनी तेच पुन्हा ऐकवलं. ती खुर्ची असून उभीच होती.

“व्हय साहेब, विचारते मी,” ती म्हणाली. “परत आलेल्या मालाचं पान लई धुंडलं, सापडलं नाय. तुम्ही एकदा दाखवा, मंग नाय विचारणार.”

साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर वही उघडली. आधी त्यांचंच मनोगत आलं, ते त्यांनी भरभर वर सरकवलं. मग शुभेच्छा, मग विभाग. शोधायच्या चौकटीत ‘परत’ टाकलं, तर आधी म्हैसमाळच्या सहलीहून परत येतानाचे ढीगभर फोटोच निघाले. तेवढ्यात गेटवरून फोन आला. परत आलेल्या मालाची गाडी खरोखरच उभी होती आणि ड्रायव्हर वैतागला होता. साहेबांनी आणखी थोडं वर-खाली केलं आणि माझ्याकडं वळले.

“अहो मॅडम, कुठं टाकलंय ते?”

कुणी हसलं नाही. मी पान कुठं आहे ते सांगितलं. पण मनातून मला इतका आनंद झाला होता की पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसावं लागलं.

ती परमनंट झाली, आणि वही आवरायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. तिनं परत आलेल्या मालाचं पान पुढं आणलं. मनोगत, शुभेच्छा, सहल, सगळं मागं टाकलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘अडलं तर शेजारच्याला विचारा.’ त्याखाली साहेबांचा फेट्यातला फोटो मात्र तसाच होता.

“अगं, हा काढायचा राहिला वाटतं,” मी म्हटलं.

“राहू द्या ताई,” ती म्हणाली. “कुणाला विचारायचं नाय, ते बी नव्या माणसाला कळाया पाहिजे.”