रेशमाच्या अळ्यांचा आवाज

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका हिवाळ्यात, मी परदेशी पत्रकारांबरोबर दुभाषी म्हणून येवल्याला गेले. आपला देश बघावा आणि घरी जाऊन त्याबद्दल लिहावं, म्हणून सरकारनेच त्यांना बोलावलं होतं. माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. तिथे आलेल्या एका रशियन इंजिनिअरच्या बायकोने मला लहानपणी तिची भाषा शिकवली होती. तेवढ्या शिदोरीवर हे काम मिळालं.

रशियन बोलणारी एकच पत्रकार होती, ताश्कंदची, पन्नाशीची. दिल्लीहून आलेले एक अधिकारी बसमध्ये निर्यातीचं सांगत होते, मी भाषांतर करत होते, आणि ती धुक्यातल्या कांद्याच्या हिरव्या वाफ्यांकडे बघत होती. ऐकत होती की नाही, कोण जाणे.

विणकराच्या घरात शिरल्यावर मात्र ती मागाशेजारी जमिनीवरच बसली. कौलांतून येणारं ऊन ताण्यावर पडलं होतं. जांभळं रेशीम पाण्यासारखं हलत होतं. पदरावर अर्धा मोर उतरला होता.

तिने रेशमाची लडी गालाला लावली. म्हणाली, "यांना विचार, यांनी अळ्या पाळल्यात का?"

विणकर हसले. "नाय हो ताई. आमच्याकडं लडीच येती, बंगळुराहून. अळी कधी बघितली नाय."

मग ती सांगू लागली. त्यांच्याकडे वसंतात प्रत्येक घरात अळ्या असत. घरातल्या सगळ्यात उबदार खोलीत त्या ठेवत आणि माणसं ओसरीवर निजत. तुतीचा पाला टाकला की अळ्या खाऊ लागत, आणि भिंतीपलीकडून पाऊस पडतोय असं वाटे. आई म्हणायची, हळू बोला, त्या घाबरतात.

मी सांगत गेले. विणकरांचा हात थांबला. त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यावरच उभी राहिली. शेवटी तिने विचारलं, अगदी दबक्या आवाजात, "पावसासारखा?"

"पावसासारखा," मी म्हणाले.

अधिकारी घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, योजनेची माहिती राहिली." पण त्यांचाही आवाज खाली आला होता. कुणी उठलं नाही. चहावर साय धरली.

परतताना ती माझ्या खांद्यावर झोपली. झोपेत उझबेकमध्ये काहीतरी पुटपुटत होती. त्यातलं मला अक्षर कळत नव्हतं. दिवसभरात पहिल्यांदाच कुणी म्हणत नव्हतं, काय म्हणाल्या सांगा. मी खांदा न हलवता बसून राहिले.

उन्हाळ्यात अधिकाऱ्यांचा फोन आला. तिचा लेख छापून आला होता, त्यांनी तो कुणाकडून तरी हिंदीत लिहून घेतला होता.

"निर्यातीचं एक वाक्य नाही हो," ते म्हणाले. "सगळं त्या नवराबायकोवरच."

"मग? वाईट वाटलं?"

"नाही. मी घरी बायकोला वाचून दाखवला."