आठ दिवस पंखे बंद ठेवले, त्याची गोष्ट

सोमवारी करी रोडच्या आमच्या अभ्यासिकेत पोहोचले, तर इथले शिपाई सावंत दारातच कागद घेऊन उभे. "मॅडम, आपला नाव नाय हा यादीत."

ही अभ्यासिका एका जुन्या सरकारी इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर पत्रे. रिटायर झाल्यापासून मी आठवड्यातून दोनदा इथे मुलांचं इंग्रजी घेते.

दुपारी बारानंतर खोली अशी तापते की एकेक मूल उठून जातं. प्रज्ञा तेवढी मानेवर ओला नॅपकिन टाकून बसून राहते... घरी चाळीच्या एका खोलीत सहा माणसं, जाणार कुठे? मे महिन्यात तिची स्पर्धा परीक्षा आहे. वयाच्या अटीमुळे शेवटचा चान्स.

म्हणून एक सरकारी योजना आली तेव्हा आम्ही हरखलो होतो. सार्वजनिक इमारतींची वीज वाचवायची. तपासणी, आराखडा, मंजुऱ्या, कंत्राटदार, सगळं एकच टीम बघणार. पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर, नवे पंखे... परीक्षेच्या आधी काम झालं असतं.

त्यांनी आठ दिवसांसाठी मीटरला एक यंत्र जोडलं. किती वीज लागते ते मोजायला.

आणि मी शहाणपणा केला. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर वर्ग सुटताना बटणांपाशी उभ्या राहायच्या. शेवटच्या मुलीने पंखा बंद केलाच पाहिजे. ती शिस्त अजून अंगात आहे. मला वाटलं, तपासणी म्हणजे आपण काटकसरी दिसायला हवं. मुलांना सांगून टाकलं, आठ दिवस पंखे लावायचे नाहीत.

सावंत तर खूश. "मीटर कसो गप बसलो हा बघा!" प्रज्ञाने फक्त विचारलं, "आठच दिवस ना मॅडम?" आणि नॅपकिन पुन्हा भिजवून आणला.

सोमवारच्या कागदावर आम्हाला का वगळलं त्याची एकच ओळ होती... वापर मुळातच कमी, बचतीला वाव नाही.

मी टीमच्या इंजिनीअर मुलीला फोन लावला. पंख्यांचं सांगितल्यावर ती म्हणाली, "मॅडम, जी वीज खर्च होते तीच वाचवता येते हो. पंखे कशाला बंद केलेत?"

पुन्हा मोजता येईल का, विचारलं. यादी वर गेली होती. पुढची केव्हा, तिलाही माहीत नव्हतं.

प्रज्ञाला मीच सांगितलं. "जाऊ द्या मॅडम, परीक्षेच्या हॉलमध्ये तरी कुठे एसी असतो? प्रॅक्टिस झाली समजा." ती हसली. मला नाही हसता आलं.

काल दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. आता चारही पंखे फुल चालू असतात, गरम हवा इकडून तिकडे ढकलत. तिने पाच वेळा नॅपकिन भिजवला, सहाव्यांदा तो न भिजवता पुस्तकच मिटलं आणि म्हणाली, "आज नाही होत मॅडम, जाते."

तिच्या मागोमाग मीही उठले. हात सवयीने बटणाकडे गेला... आणि तिथेच थांबला.