दसऱ्याची जागा

मूल वाढवण्याच्या खर्चावर आमच्या पुरवणीत एक लेख आला होता. तो संपादनासाठी माझ्याकडे होता. अमरावतीतल्या काही कुटुंबांशी बोलून लिहिलेला साधा लेख: शाळेची फी, व्हॅन, शिकवणी, डॉक्टर, वाढदिवस. वाचताना माझ्या लक्षात आलं की आमच्या घरचा खर्च या सगळ्यांपेक्षा कमी आहे. हे मी डेस्कवर बोलूनही दाखवलं. त्याचं कारण मात्र कोणी विचारलं नाही. मुलीला माझी आई सांभाळत होती.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. पाळी संध्याकाळी सुरू होते आणि शहर आवृत्ती सुटल्यावर संपते. पाळणाघरं त्याच्या कितीतरी आधी बंद होतात. नवरा नागपूरला नोकरीला, शनिवारी येतो. पूर्ण वेळ बाई ठेवायची तर माझा निम्मा पगार गेला असता. म्हणून बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मी आईला अकोल्याहून बोलावून घेतलं.

आई अकोल्याच्या फूलबाजारात बसायची. झेंडू, शेवंती, गुलाबाचे हार. वडील गेल्यावर घर त्यावरच चाललं आणि माझं शिक्षणही त्यावरच झालं. त्या ओळीतल्या जागेला पावती नाही की पाटी नाही. बसण्यानेच जागा टिकते. कोणी आजारी पडली, कोणाच्या घरी बाळंतपण निघालं, तर शेजारची तिच्या जागेवर आपलं पोतं पसरून ठेवते. आईची जागा माझी काकू, म्हणजे तिची धाकटी जाऊ, अशीच धरून होती. दसऱ्याला मात्र हे चालत नाही. त्या दिवसांत आसपासच्या गावांतून झेंडूच्या गाड्या येतात, पाय ठेवायला जागा नसते आणि एका बाईला दोन जागा राखता येत नाहीत. दसऱ्याला जी बसली नाही, तिची जागा पुढे कोणी विचारत नाही.

हे मला माहीत होतं. आईच्या पोत्यावर बसूनच मी पाढे पाठ केले होते.

मुलगी चालायला लागली त्या वर्षी, नवरात्र बसायच्या आधी आई म्हणाली, "दसऱ्याले मी चार दिस जाऊन येतो."

"आई, पुरवण्यांचे दिवस हायेत. मले रजा नाई भेटत."

"जवाईबापूले म्हन नं, घ्या म्हना रजा. लेक काय एकट्या तुहीच हाय?"

"त्याइलेबी नाई भेटत." खरं म्हणजे मी त्याला विचारलंच नव्हतं. मग मी म्हटलं, "दसऱ्याले तुले कितीक सुटतात? तेवढे मी देतो."

आई मुलीचे केस विंचरत होती. ती हसली. "तू देशीन? मंग हार बी तूच कर."

"मस्करी नाई करून राहिली मी."

"समजलं मले." तिने छोटीशी शेंडी बांधली, रबर लावलं. "बरं. राह्यतो."

तिने पुन्हा विषय काढला नाही. दसऱ्यानंतर मी तिला पैसे दिले. तिने ते मोजले नाहीत. त्या वेळी मला व्यवहार चोख झाल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

यंदा जूनमध्ये मुलगी शाळेत जायला लागली. तोवर माझी पाळीही बदलून मिळाली होती. आई म्हणाली, आता मी आपली अकोल्याला जाते, बाजारात बसते. मी सुटी काढली आणि तिला पोहोचवायला गेले. मुलगी सोबत होती.

काकूने लांबूनच पाहिलं. "अवो बाई! या या. अमरावतीच्या पान्यानं गोऱ्या झाल्या तुमी तं."

"तू बी काही वाळली नाई व," आई म्हणाली. मग ती शेजारच्या जागेकडे पाहत राहिली.

तिथे काकूची सून बसली होती. समोर झेंडूची पाटी, हातात सुईदोरा. मागे केळ्यांच्या रिकाम्या क्रेटमध्ये जुनं लुगडं अंथरून तिचं बाळ झोपवलेलं होतं.

काकूचा आवाज खाली आला. "तुमी नाई आल्या त्या दसऱ्याले एक जन गाडीच घेऊन आला होता, बाई. परक्यानं बसल्यापरीस आपली सून बरी म्हटलं. उठवू काय तिले? तुमी म्हनान तं आत्ता उठते."

सून सुई तशीच धरून उठायला लागली. क्रेटमधलं बाळ हललं.

"बस व, बस," आई म्हणाली. "लेकराची झोप मोडीन."

"मंग इथं या, माह्याजवळ. अर्ध्या अर्ध्यात बसू."

"एकाच जागी दोघी बसल्या तं गिऱ्हाईक कोनाजवळ थांबीन?" आई पायांवर बसली, पाटीतला झेंडू हातात घेऊन दाबून पाहिला. "काय भाव देऊन राहिली?"

"तुमाले काय भाव, बाई," काकू म्हणाली.

"पाव किलो जोख."

सुनेने काकूकडे पाहिलं आणि मग जोखलं. जोखून झाल्यावर सवयीने वरून मूठभर फुलं टाकली. ती मूठ गिऱ्हाइकासाठी असते. ओळीतल्या बाया एकमेकींकडून फुलं नेतात तेव्हा वरचं घेत नाहीत, उलट काढून परत पाटीत टाकतात. आईने आयुष्यभर तसंच केलं होतं.

आता तिने पिशवीचं तोंड आणखी उघडलं आणि ती मूठ घेतली.

काकू पैसे घेईना. आई उठली, गुडघे झटकले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दे व तिचे पैसे."

मी दिले.