नाकाने रांधणारे डोमाजी

अठ्ठ्याहत्तर सालच्या नाताळाच्या आदल्या दिवशी मी डुकराच्या एका अख्ख्या मांडीला मीठ-हळद चोळली. माझ्या हातून झालेल्या चुकांची आमच्या घरी जी तोंडी यादी आहे, तिच्यात ही अजून पहिल्या पाचांत आहे.

तेव्हा मी वर्धा स्टेशनवर पार्सलबाबू होतो आणि डोमाजी रनिंग रूमचे स्वयंपाकी. बाहेरगावचे ड्रायव्हर आणि गार्ड ड्यूटी संपवून जिथे जेवतात-झोपतात, ती रनिंग रूम. डोमाजी केळझरचे. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मांस-मच्छी वर्ज्य. आणि नोकरी अशी की रोज कोंबडी नाहीतर मटण. मग ते चव न घेताच रांधत. झाकण उचलायचं, डोळे मिटायचे, वाफेत नाक धरायचं आणि निकाल द्यायचा, "चिमूटभर मीठ पाह्यजे." मी एकदा विचारलं, चुकत नाही का हो कधी? तर म्हणाले, "बाबू, जीभ लबाड असते. भूक लागली का कशालेही वा वा म्हणते. नाक इमानी हाय."

या डोमाजींचा एकच जिवलग मित्र, पीटरसाहेब. रिटायर्ड गार्ड, पांढऱ्या मिशा, स्टेशनमागे दोन खोल्यांचं घर. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांची बायको मार्था वारली आणि घरातली चूलही विझली. डोमाजी डबा पोचवत, तो अर्धा तसाच परत येई. जबलपूरला दिलेली मुलगी लिली हिनं पत्र टाकलं की नाताळला येते आहे आणि जाताना पप्पांना घेऊन जाणार. साहेब डोमाजींना म्हणाले, "वहाँ जाके मैं क्या करूँ? वहाँ मुझे कौन पहचानता है?"

डोमाजींनी ठरवून टाकलं. "पोरीले दिसलं पाह्यजे का बापाचं घर अजून घर हाय. बाईसाहेब दर साली हॅम करे. यंदाही होईन."

हॅम म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी. ती नागपूरहून पार्सलनं आली, माझ्याच खिडकीवर. इतकी खारट की एक दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून मीठ काढावं लागतं. चोवीस तारखेला सकाळी डोमाजी कारंज्याला गेले, मेव्हण्याच्या बगीच्यातले संत्रे आणायला. जाताना मला बजावलं, "दुपारी पानी बदलजा. बाकी हात लावू नोका."

दुपारी पाणी ओतलं आणि माझ्यातला शहाणा जागा झाला. सगळं मीठ तर पाण्याबरोबर गेलं! आता हे मांस टिकणार कसं? आमच्या आईचा दंडक होता, कच्च्या मटणाला आधी मीठ-हळद, मग दुसरी गोष्ट. मी दोन मुठी मीठ आणि मूठभर हळद घेतली आणि मन लावून चोळली. डोमाजी खूश होतील, असंसुद्धा वाटलं.

संध्याकाळी डोमाजी आले. टोपली ठेवली, पातेल्यात पाहिलं.

"काऊन बाबू, उद्या इचं लगन हाय का?"

मी कारण सांगितलं. ते खाली बसले. दुसरा हॅम मिळायची सोय नव्हती आणि लिली सकाळच्या गाडीनं येणार होती.

"तुमच्या मायनं बरोबर शिकवलं," ते उठत म्हणाले, "पन हे मटन तिच्या घरचं नोहोय." मग घासून धुणं, पुन्हा भिजवणं आणि पहाटे उकळणं. उकळलेलं पाणी दोनदा फेकलं. तिसऱ्या पाण्याला पळी माझ्यापुढे धरली. "हळदीच्या वासानं नाक घोटाळून राह्यलं. आता तुमच्या जिभेवरच काम हाय. खरं सांगजा." इतक्या भीतीनं मी आयुष्यात काही चाखलेलं नाही. म्हटलं, बेताचं आहे.

मग त्यांनी वरची जाड साल काढली, चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या रेघा पाडल्या आणि प्रत्येक चौकटीत एक लवंग खोचली. गूळ संत्र्याच्या रसात आटवून पाक केला. सगळं घेऊन आम्ही साहेबांच्या परसातल्या विटांच्या भट्टीशी गेलो. तिथे डोमाजींनी ब्रश साहेबांच्या हातात कोंबला.

"पाक तुमी लावा."

"मैं? मुझे नहीं आता, यार."

"मले तरी मायच्या पोटातून येते का? मी त खातही नाई. लावा!"

साहेबांनी पहिला हात घाबरत फिरवला. दर दहा मिनिटांनी भट्टीचं दार उघडायचं, पाक लावायचा, बंद करायचं. तिसऱ्या खेपेला ते डोमाजींवर खेकसले, "आँच कम करो, जल जाएगा! मार्था ऐसा नहीं करती थी!" डोमाजी गुपचूप निखारे ओढू लागले. मिशीत हसत होते.

लिली केव्हा येऊन परसाच्या दारात उभी राहिली, कुणालाच कळलं नाही. हातात बॅग तशीच. बाप बाह्या वर करून, कपाळाला गूळ लागलेला, भट्टीपुढे भांडत होता.

जेवायला आम्ही नवरा-बायकोही होतो. माझ्या बायकोनं, सुनंदानं, केक तेवढा घेतला. हॅम वरून तांबूस, चकचकीत झाला होता. कापल्यावर मात्र कडेला पिवळा. लिलीनं विचारलं, "अंकल, ये पीला क्यों है?" डोमाजी उंबऱ्यात बसून संत्रं सोलत होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. सगळे हसले. साहेबही हसले, आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. लिलीचं लक्ष हॅमपेक्षा बापाच्या ताटाकडेच होतं. थोडा खारट झाला होता, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला पोचवायला आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. तिच्या हातात एकच बॅग होती, तिची. गाडी हलताना ती खिडकीतून म्हणाली, "अंकल, पप्पा का खयाल रखना."

"मी काय ठेवतो वो बाई! मी त्यायले डबा देतो, ते मले शिव्या देते. चालून राह्यलं."

पुढे आठ वर्षं ते तसंच चाललं. रिटायर झाल्यावरही डोमाजी केळझरहून दर नाताळाला एस.टी.नं येत आणि ब्रश साहेबांच्याच हातात देत. शेवटल्या वर्षी डोमाजींचं नाक गेलं होतं, वासच येत नसे. तरी झाकण उचलून वाफ घ्यायचे. ते गेले तेव्हा साहेब केळझरला काठी टेकत आले आणि मातीला शेवटपर्यंत थांबले.

परतताना बसमध्ये सुनंदा म्हणाली, "आपली मीनू सासरी गेली अन् मीही तुमच्या आधी गेली, त तुमचं कसं होईन हो? आतापासूनच एखांदा डोमाजी पाहून ठेवा."