बोलायला लावणारा डॉक्टर

माझ्या धाकट्या जावेची पोर दीड वर्षाची होऊन तापात गेली. त्यानंतर धाकटी दळायची, सारवायची, भाताच्या बांधीत रोपांचा रोवणाही करायची; तोंडातून मात्र शब्द काढायची नाही. घरच्यांनी अंगारे लावले, मंतरलेला धागा बांधला. शेवटी गोंदियाच्या दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, "नागपूरला एक डॉक्टर आहे. सुई नाही, गोळी नाही. माणसाला नुसतं बोलायला लावतो, अन् त्यानं बरं वाटते."

मी तेव्हा चार बुकं शिकलेली, म्हणजे आमच्या मुर्री गावाकडच्या हिशेबानं बॅरिस्टरच. धाकटी बरी व्हावी ही इच्छा खरी, आणि नागपूर पाहायची हौसही तितकीच खरी. भासऱ्यांना सोबत पाठवा म्हणून मीच सासूबाईंच्या मागे लागले. भासरे म्हणजे आम्हा दोघींच्या नवऱ्यांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. शहर मोठं, मर्द माणूस संगं पाहिजे! सगळ्यांनी माझ्या अकलेचं कौतुक केलं. मीही करून घेतलं.

नागपूरला उतरल्यावर भासऱ्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "दिमाग का डॉक्टर." त्यानं सरळ पागलखान्याच्या फाटकाशी नेऊन सोडलं. ते फाटक पाहून धाकटीनं माझं लुगडं असं घट्ट धरलं की माझ्या निऱ्या सुटायची वेळ आली. मग विचारत विचारत खऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा दुपार कलली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कोण?"

समोर आम्ही दोघी जमिनीवर, दोघींचा पदर हनुवटीपर्यंत, कारण खुर्चीवर भासरे. भासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमची रीत.

"कोणाला बोलता येत नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं.

घरी कोंबड्याच्या आधी सुरू होणारी मी, मीसुद्धा मान खाली घातली.

शेवटी भासरेच बोलले. "धाकटी सून, जी. खाते बरोबर, काम बरोबर. तेवढं बोलत नाही."

"तुमच्यासमोर बोलेल का?"

"माह्यासमोर कशी बोलन जी? भासरा होय मी तिचा!"

डॉक्टरांनी आमच्या पदरांकडे पाहिलं, मग भासऱ्यांकडे. पदराआड तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. बोलायला लावणाऱ्या डॉक्टरकडे येताना, ज्याच्यासमोर सुनेनं शब्द काढायचा नाही तोच माणूस मी हट्टानं सोबत आणला होता. बॅरिस्टर!

डॉक्टरांनी त्यांना चहा घ्यायला पाठवलं. "परक्या मर्दासमोर घरची सून..." असं कुरकुरत भासरे उठले, आणि माझ्याशी थेट बोलायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मधलीनं जागचं हलाचं नाही."

ते गेल्यावर पदर सरकले. डॉक्टर काहीच विचारेनात, नुसते बसून राहिले. मला राहवेना, मी बोलायला गेले तर त्यांनी हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं धाकटीचा आवाज आला, खरखरीत, ओळखू न येण्यासारखा.

"घरी कोणी तिचं नाव काढत नाही. जशी ती होतीच नाही."

मग तिनं पोरीचं नाव घेतलं. पोर ताटातला भात कसा सांडायची, रांगताना एक पाय कसा मागं ओढायची, सांगत राहिली. डॉक्टर ऐकत राहिले. हुंदके देऊन रडत होते ती मी.

"दर आठवड्याला आणा," निघताना डॉक्टर म्हणाले.

"अन् दवाई?" भासऱ्यांनी विचारलं.

"हीच दवाई."

गाडीत भासरे खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बोलली ना? बरी झाली. आता अजून कायले जायाचं?" मी पदर ओढून बसले.

नागपूरला पुन्हा जाणं होणार नव्हतं, म्हणून घरी आल्यावर मी ठरवलं, आपणच डॉक्टर व्हायचं. नुसतं ऐकायचंच तर होतं, त्यात काय मोठं! बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तिला बसवायची नि म्हणायची, "बोल वो." ती दोन वाक्यं बोलली की मी रडायला लागायची. मग तीच माझे डोळे पुसायची, पाठीवरून हात फिरवायची. असं काही वेळा झाल्यावर ती हळूच म्हणाली, "राहू द्या बाई. तुमी रडून राहता, मंग मले तुमालेच समजवा लागते. त्या डॉक्टरजवळ मले कोणालेच समजवा लागलं नाही."

पुढं ती पुष्कळ वर्षं जगली. मीठ द्या, दिवा लावा, गाय सुटली, एवढं बोलायची. गावात सगळे म्हणत, नागपूरच्या डॉक्टरनं एका फेरीत बरी केली. पोरीचं नाव मात्र तिच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही.